इंद्रधनुषी प्रभावळ: पोलंडमधल्या एका पोस्टरचं प्रकरण

एप्रिल २०१९ च्या अखेरीस पोलंडमधल्या प्वॉत्स्क शहरात काही पोस्टर आणि स्टिकर चिकटवले गेले. त्यांवर मेरी आणि बाळ येशू होते. चित्र पोलंडमधल्या कुणालाही झोपेतून उठवून दाखवलं तरी ओळखेल असं. बदल एकच होता. दोघांच्या मस्तकांमागच्या सोनेरी प्रभावळी काढून त्या जागी इंद्रधनुष्याचे पट्टे रंगवले होते. इंद्रधनुष्य ही एलजीबीटी, म्हणजे समलिंगी, उभयलिंगी आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या चळवळीची खूण आहे. हे कागद चिकटवल्याबद्दल तीन स्त्रियांवर धार्मिक भावना दुखावल्याचा खटला चालला, आणि तो पूर्णपणे मिटेपर्यंत जानेवारी २०२२ उजाडलं.

धार्मिक प्रतिमेत फेरफार करून ती रस्त्यावर आणणारी कला जगभर आहे. इंग्लंडमधल्या बँक्सी या रस्त्यावरच्या कलाकाराने हातात ख्रिसमसच्या खरेदीच्या पिशव्या घेतलेला ख्रिस्त २००४ मध्ये छापला. २०११ मध्ये एका कार्डिनलच्या, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या वरिष्ठ धर्मगुरूच्या, अर्धपुतळ्याचा चेहरा कापून तिथे बाथरूमच्या फरशा बसवल्या आणि तो लिव्हरपूलच्या वॉकर आर्ट गॅलरीत ठेवला. त्या कामांवर बोलायला पुष्कळ आहे. पण तिथे कुणाच्या घरी पहाटे पोलीस आले नाहीत. प्वॉत्स्कमध्ये आले. त्यामुळे कलाकार, चर्च, पोलीस, सरकार आणि न्यायालय या सगळ्यांचे निर्णय एकाच प्रकरणात तपासता येतात, म्हणून ते निवडलं. तिघी स्त्रिया, फादर आणि न्यायाधीश यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी: ही मेरी कोण

चेन्स्तोहोवा शहरातल्या यास्ना गुरा मठात मेरीचं एक जुनं, काळवंडलेलं चित्र आहे. काळी मेरी म्हणून ते प्रसिद्ध आहे. हातावर बाळ येशू, आणि मेरीच्या गालावर दोन समांतर व्रण. १४३० मध्ये मठावर हल्ला झाला तेव्हाचे ते वार आहेत, असं परंपरा सांगते. १६५५ मध्ये स्वीडनच्या फौजेने मठाला वेढा घातला, पण मठ पडला नाही. पुढच्याच वर्षी राजा यान काझिमिएश याने मेरीला पोलंडची राणी घोषित केलं. वॉर्साहून १७११ पासून दर ऑगस्टला पायी यात्रा निघते आणि काही दिवस चालत या चित्रापाशी पोहोचते. मराठी वाचकाने आषाढी वारी आठवावी, म्हणजे या चित्राचं त्या देशातलं वजन लगेच कळेल. ज्यांचं चर्चशी फारसं पटत नाही, असे पोलिश लोकही या मेरीला आपली मानतात.

या चित्राच्या इतिहासातला एक प्रसंग मला या प्रकरणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९५७ पासून चर्चने चित्राची एक प्रत देशभर धर्मग्रामांतून, म्हणजे एकेका स्थानिक चर्चच्या हद्दीतून, फिरवायला सुरुवात केली. कम्युनिस्ट सरकारला ते खपेना. १९६६ मध्ये पोलिसांनी ती प्रत अडवून यास्ना गुरा मठात परत नेली आणि पुन्हा बाहेर पडू दिली नाही. तेव्हा चर्चने रिकामी चौकट फिरवली. १९७२ पर्यंत लोक त्या रिकाम्या चौकटीचं स्वागत करत होते, तिच्यासमोर गुडघे टेकत होते. पुढे १९८० मध्ये ग्दान्स्कच्या गोदी कामगारांनी संप केला तेव्हा फाटकावर मेरीचं चित्र लागलं. त्यांचा नेता लेक वालेसा कोटाच्या कॉलरवर हीच मेरी लावून फिरायचा. १९८३ च्या नोबेल पारितोषिकाचं पदक त्याने याच मठाला अर्पण केलं.

म्हणजे ही प्रतिमा मठाच्या वेदीवर जितकी जगली, तितकीच छापील प्रतींतून रस्त्यावर जगली, आणि सत्तेच्या विरोधात उभ्या राहिलेल्यांनी ती हाती घेतली. तिघी स्त्रियांनी जे केलं ते या परंपरेच्या बाहेरचं नव्हतं. त्याच वेळी, ज्या भाविकाच्या घरी आजीच्या काळापासून ही मेरी भिंतीवर आहे, त्याला तिच्या प्रतीला कुणी हात लावला की ती मूळ चित्रालाच हात लावल्यासारखी वेदना होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि प्रकरणाचा पेच इथूनच सुरू होतो.

२०१९ च्या सुरुवातीला पोलंडचं राजकारण तापलेलं होतं. फेब्रुवारीत वॉर्साच्या महापौरांनी एलजीबीटी व्यक्तींच्या हक्कांसाठी एका जाहीरनाम्यावर सही केली. सत्ताधारी पक्षाने त्यावर रान उठवलं. मार्चमध्ये श्विद्निक जिल्ह्याच्या परिषदेने ‘एलजीबीटी विचारसरणी’विरुद्ध ठराव केला आणि मागोमाग इतर ठिकाणीही तसे ठराव होऊ लागले. २६ मे रोजी युरोपियन संसदेची निवडणूक होती. ईस्टर आला तो या सगळ्याच्या मधोमध, २१ एप्रिलला.

घडलं काय

गुड फ्रायडेपासून पोलंडच्या चर्चमध्ये ख्रिस्ताच्या कबरीचा देखावा मांडून सजवतात. ही सजावट नुसती फुलापानांची नसते. परकीय ताब्याच्या काळात आणि १९८१ नंतरच्या लष्करी कायद्याच्या दिवसांत या कबरींतून देशाच्या दुःखाबद्दल खुणेच्या भाषेत बोललं जायचं. चालू काळावर भाष्य करण्याची तिची रीतच आहे.

प्वॉत्स्कच्या सेंट डॉमिनिक चर्चमध्ये त्या वर्षी कबरीच्या सजावटीत खोकी मांडली होती आणि त्यांवर पापांची, दुर्गुणांची नावं लिहिली होती. त्या यादीत ‘एलजीबीटी’ आणि ‘जेंडर’ हे दोन शब्दही होते. चोरी, द्वेष ही माणसाने केलेली कृत्यं आहेत. एलजीबीटी हा शब्द माणसांचा निर्देश करतो. कुणाच्या तरी सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने ईस्टरच्या मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) आईवडिलांबरोबर येऊन स्वतःचं नाव पापाच्या खोक्यावर वाचावं, हा या प्रकरणातला पहिला आघात आहे. बातम्यांमध्ये प्रकरण पोस्टरपासून सुरू होतं. मी ते इथून सुरू करतो, कारण या सजावटीशिवाय पोस्टरचा अर्थच लागत नाही.

तिघींनी उत्तर म्हणून चर्चच्या आसपास आणि शहरात इंद्रधनुषी प्रभावळीची मेरी चिकटवली. त्यातल्या एकीचं, जी पेशाने मानसोपचारतज्ज्ञ आहे, म्हणणं साधं होतं: कुठलाही लैंगिक कल हे पाप किंवा गुन्हा नाही, आणि देवमातेने अशा माणसांचं रक्षणच केलं असतं.

त्यांच्यासमोर कोणते मार्ग होते

बिशपांकडे लेखी तक्रार करता आली असती. ती केली असती तर कदाचित सजावट निघाली असती, कदाचित पत्राची पोचही आली नसती. आणि ईस्टरनंतर कबर तशीही उचलली जाते. तक्रारीचं उत्तर येईपर्यंत विषय संपलेला असता. चर्चबाहेर फलक घेऊन उभं राहता आलं असतं, पण निवडणुकीच्या दिवसांत त्या निदर्शनाला पक्षाचा शिक्का लागायला वेळ लागला नसता. वर्तमानपत्रात लिहिता आलं असतं. ते ज्यांना आधीच पटलेलं आहे त्यांनी वाचलं असतं.

पोस्टरचा मार्ग वेगळा होता, कारण त्यात वाद घालण्याऐवजी एक प्रतिमा समोर ठेवली होती. चर्चने चित्ररूपात विधान केलं, त्याला चित्ररूपात उत्तर. आणि उत्तरासाठी त्यांनी चर्चविरोधी व्यंगचित्र काढलं नाही. फादरांचा चेहरा नाही, शिवी नाही, मेरीच्या मुद्रेत किंवा देहात काडीचाही बदल नाही. बदलली ती प्रभावळ, म्हणजे पावित्र्य दाखवणारी खूण. इंद्रधनुष्य त्यांनी मेरीच्या पायाखाली टाकलं नाही, मस्तकामागे ठेवलं. ज्यांना तुम्ही पापाच्या खोक्यात टाकलंत ते या आईच्या तेजात आहेत, असा त्याचा अर्थ आहे. उपरोध आहे, पण तो मेरीवर नाही. तिच्या नावाने यादी करणाऱ्यांवर आहे.

विडंबन करणाऱ्या प्रत्येक कलाकाराला हा निर्णय घ्यावा लागतो: आपलं लक्ष्य कोण आहे, देव, देवाचा दलाल की बाजार? बँक्सीच्या पिशव्यावाल्या ख्रिस्तात लक्ष्य बाजार आहे, कार्डिनलच्या पुतळ्यात चर्चची संस्था आहे. प्वॉत्स्कच्या पोस्टरमध्ये लक्ष्य एक विशिष्ट बहिष्कार आहे आणि श्रद्धेला तर साक्षीला बोलावलं आहे. प्रतिमेची निवड म्हणून मला हा निर्णय अतिशय विचारी वाटतो.

जागेचा प्रश्न

प्रतिमा कशी आहे, हा अर्धा भाग झाला. ती कुठे चिकटवली, हा दुसरा.

नंतरच्या आरोपपत्रात सरकारी पक्षाचा भर नेमका यावर होता. कचऱ्याची पेटी, फिरतं शौचालय, विजेचा ट्रान्सफॉर्मर, रस्त्यावरच्या पाट्या, इमारतींच्या भिंती अशी जागांची यादीच त्यांनी दिली. रस्त्यावरच्या कलेत हे नेहमीचं आहे. चिकटवणारा सपाट, नजरेच्या उंचीवरचा, पटकन सापडणारा पृष्ठभाग शोधतो; ट्रान्सफॉर्मरचा डबा त्यासाठी आदर्श असतो. त्याच्या लेखी ती नुसती जागा. भाविकाच्या लेखी मात्र शौचालयाच्या दारावरची मेरी ही वेगळीच गोष्ट आहे. इंद्रधनुष्य असो वा सोनं, त्याला आधी दार दिसतं.

इथे मी भाविकाच्या बाजूने थोडा वेळ उभा राहीन. सकाळच्या मिस्सेला निघालेल्या एखाद्या वृद्ध बाईला पेटीवर मेरी दिसली आणि तिचे डोळे भरून आले, तर तिला राजकारणी ठरवणं अन्याय्य आहे. तिला हे चित्र प्रभावळीच्या अर्थापर्यंत पोहोचूच देत नाही. तिघींचा संदेश ज्यांच्यापर्यंत पोहोचायला सर्वांत जास्त हवा होता, त्यांच्यासाठीच तो जागेमुळे अडला. प्रतिमेत जी काळजी घेतली ती जागा निवडताना शंभर टक्के घेतली गेली असती, तर पोस्टरचं म्हणणं कितीतरी स्वच्छ ऐकू आलं असतं. न्यायालयातही सरकारी पक्षाच्या हाती मग फक्त इंद्रधनुष्य उरलं असतं, आणि इंद्रधनुष्य हा अपमान आहे असं उघड सिद्ध करत बसावं लागलं असतं.

पोलिसांचा आणि मंत्र्यांचा निर्णय

तक्रार आल्यावर पोलिसांपुढे निदान दोन वाटा होत्या. पोलंडच्या किरकोळ गुन्ह्यांच्या संहितेत कलम ६३ अ आहे: परवानगी नसलेल्या सार्वजनिक जागी जाहिरात, पोस्टर वगैरे लावणं. त्याखाली दंडावर भागतं. दुसरी वाट म्हणजे दंडसंहितेचं कलम १९६: उपासनेच्या वस्तूचा किंवा स्थानाचा जाहीर अपमान करून इतरांच्या धार्मिक भावना दुखावणं. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

त्यांनी दुसरी वाट धरली. तीही धरण्याच्या पद्धती असतात. चौकशीचं पत्र पाठवून पोलीस ठाण्यात बोलावता येतं. पत्ता माहीत असलेल्या, नोकरी-व्यवसाय करणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या त्या मानसोपचारतज्ज्ञ बाईच्या बाबतीत ते पुरेसं होतं. त्याऐवजी ६ मे २०१९ रोजी पहाटे सहाच्या सुमारास पोलीस तिच्या वॉर्सातल्या घरी गेले. झडती घेतली, लॅपटॉप, फोन आणि मेमरी कार्ड जप्त केली, आणि तिला गाडीत घालून शंभरेक किलोमीटरवरच्या प्वॉत्स्कला नेलं. काही तास ताब्यात ठेवून, जबाब घेऊन सोडलं.

त्याच दिवशी गृहमंत्र्यांनी समाजमाध्यमावर पोलिसांचे जाहीर आभार मानले. स्वातंत्र्य आणि सहिष्णुता यांच्या गप्पा कुणालाही भाविकांच्या भावना दुखावण्याचा हक्क देत नाहीत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. निवडणूक तीन आठवड्यांवर होती.

या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत घातक निर्णय मी याला मानतो. तपास चालू असताना गृहमंत्र्याने आरोपीविरुद्ध बोलणं म्हणजे खालच्या अधिकाऱ्याला माघारीचा रस्ता बंद करणं. एखाद्या तपासी अधिकाऱ्याला आठवडाभराने वाटलं असतं की हे कलम ६३ अ चं प्रकरण आहे, तरी तसं लिहिण्याची सोय उरली नव्हती. आणि भाविकांच्या नावाने जे केलं, त्याने भाविकांच्याच वाट्याला काय आलं? प्वॉत्स्कच्या काही भिंतींवरचं चित्र चोवीस तासांत जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं. पोलंडच्या शहरांतून लोक तीच मेरी हातात घेऊन रस्त्यावर उतरले, हजारोंनी ती आपल्या प्रोफाइलवर लावली. १९६६ मध्ये पोलिसांनी मेरीची प्रत अडवली तेव्हाही नेमकं असंच झालं होतं. त्या देशाच्या गृहखात्याला ही आठवण असायला हवी होती.

काही दिवसांतच, ११ मे रोजी, धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांवरचा एक माहितीपट इंटरनेटवर आला आणि देश हादरला. तोवर प्रश्न इंद्रधनुष्याचा होता. आता लोक विचारू लागले, की पोस्टरवाल्या बाईच्या दारात पहाटे पोहोचणारे पोलीस या फादरांच्या दारात इतकी वर्षं का पोहोचले नाहीत.

न्यायालयात

आधी अटकेचा निकाल लागला. २०२० मध्ये न्यायालयाने ती अटक अनावश्यक ठरवून त्या स्त्रीला आठ हजार झ्लॉटी भरपाई मंजूर केली. रक्कम मोठी नाही, पण पहाटेच्या त्या कारवाईबद्दल सरकारी तिजोरीतून पैसे गेले, ही नोंद झाली.

मुख्य खटला तिघींवर चालला. कायद्याची बाजू त्यांच्यासाठी सोपी नव्हती. एका संगीतकाराने मंचावर बायबल फाडल्याच्या प्रकरणात पोलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटलं होतं की कलम १९६ साठी अपमानाचा थेट हेतूच हवा असं नाही. आपल्या कृतीने अपमान होऊ शकतो हे दिसत असूनही ते पत्करणं पुरेसं आहे. म्हणजे ‘आम्हाला कुणाला दुखवायचं नव्हतं’ एवढं म्हणून सुटका नव्हती.

२ मार्च २०२१ रोजी प्वॉत्स्कच्या न्यायालयाने तिघींना निर्दोष सोडलं. न्यायाधीशांनी मान्य केलं की तिघींचा उद्देश एलजीबीटी व्यक्तींना आधार देण्याचा, त्यांच्या समान हक्कांसाठी बोलण्याचा होता, आणि कबरीच्या सजावटीवर ती प्रतिक्रिया होती. इंद्रधनुष्य जोडल्याने मेरीचा अपमान होतो, हे त्यांनी स्वीकारलं नाही. निकालाविरुद्ध अपील झालं. जानेवारी २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने निर्दोषत्व कायम केलं.

या निकालाचं महत्त्व मला असं वाटतं: इंद्रधनुष्य हाच अपमान मानला, तर त्याचा अर्थ होतो की ज्या माणसांची ती खूण आहे ती माणसं जवळ आली की पावित्र्य विटाळतं. भावना दुखावल्याच्या तक्रारीमागे लपलेलं हे गृहीतक होतं, आणि न्यायालयाने ते उचललं नाही.

परिणाम

तिघी सुटल्या, पण पावणेतीन वर्षं त्यांच्या डोक्यावर टांगती तलवार होती. झडती, जप्त फोन, तारखा, वकील, धमक्यांची भीती हे सगळं निर्दोष सुटलेल्या माणसाच्याही वाट्याला येतं, आणि कोणतंही न्यायालय ते परत करत नाही. त्या काळात आणखी किती जणांनी हातातलं चित्र खाली ठेवलं असेल, ते मोजता येत नाही.

प्वॉत्स्कमध्ये १० ऑगस्ट २०१९ रोजी शहराचा पहिला समता मोर्चा निघाला. त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या बाजूनेही छापील कागदाचाच आधार घेतला: एका साप्ताहिकाने ‘एलजीबीटीमुक्त क्षेत्र’ असे स्टिकर अंकाबरोबर वाटायला घेतले, आणि वॉर्साच्या न्यायालयाने ते वितरण थांबवण्याचा अंतरिम आदेश दिला. इंद्रधनुषी मेरी माणसांना आत घेत होती, हा स्टिकर त्यांना बाहेर काढत होता. दोन्ही कागदांना एकाच तागडीत घालून ‘दोन्हीकडचे अतिरेकी’ म्हणणारे लेख तेव्हा आले. मला ते पटत नाहीत.

कलम १९६ कायद्यात राहिलं. सप्टेंबर २०२२ मध्ये युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने एका पोलिश गायिकेच्या प्रकरणात, बायबलबद्दलच्या तिच्या उद्गारांसाठी या कलमाखाली झालेला दंड अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग ठरवला. तो निकाल आधी आला असता तर प्वॉत्स्कचं आरोपपत्र कदाचित वेगळ्या शब्दांत लिहिलं गेलं असतं.

वेगळं काय करता आलं असतं

फादरांपासून सुरुवात करू. एकेका समाजगटाचं नाव पापाच्या यादीत लिहिण्याआधी धर्मप्रांतातल्या कुणी ती सजावट पाहिली असती आणि दोन खोकी उचलायला सांगितली असती, तर कबरीचा धार्मिक आशय रतिभर कमी झाला नसता. चर्चच्या स्वतःच्या शिकवणीतही कृती आणि माणूस यांत फरक केलेला आहे. तो फरक खोक्यांवर पुसला गेला, हे धर्मशास्त्राच्या अंगानेही चुकलंच. आक्षेप आल्यावर दोन शब्द झाकले असते, तरी रस्त्यावर काही चिकटवायची गरज उरली नसती.

तिघींनी जागा आणखी निवडून घेतल्या असत्या, तर बरं झालं असतं, हे वर आलंच. त्यात आणखी एक भर घालतो. पोस्टरवर एका ओळीचाही मजकूर असता, उदाहरणार्थ हे त्या सजावटीला उत्तर आहे एवढाच, तर सजावट न पाहिलेल्या भाविकाला संदर्भ मिळाला असता. मजकुराने चित्राची धार जाते, हा कलाकारांचा आक्षेप मला माहीत आहे आणि दालनातल्या कामाबाबत तो मान्यही आहे. पण रस्त्यावर येणारा माणूस तिकीट काढून, मनाची तयारी करून येत नाही. त्याला एका ओळीची मदत करणं हे चित्रावर अविश्वास दाखवणं होत नाही.

पोलिसांनी कलम ६३ अ लावून दंडाची पावती फाडली असती, तर भिंतीचे मालक, नगरपालिका आणि कायदा तिघांचंही समाधान झालं असतं. भाविकांची तक्रार नोंदवून घेऊन सरकारी वकिलाचं मत मागवता आलं असतं. अटक आणि झडती हे दोन निर्णय कोणत्याच वाटेवर आवश्यक नव्हते.

मराठी वाचकाला हे प्रकरण दूरचं वाटू नये, असं एक कारण आहे. भारतात १९२७ पासून भारतीय दंडसंहितेत कलम २९५ अ होतं; जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, म्हणजे पोलंडपेक्षा जास्त. पण आपल्या कलमात जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने अपमान केलेला असणं ही अट आहे, आणि १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ठळकपणे अधोरेखित केली आहे. खटल्याची दखल न्यायालयाने घेण्याआधी सरकारची मंजुरीही लागते. कागदावर ही पोलंडपेक्षा भक्कम ढाल आहे. तरीही पंढरपुरात जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांना ती वेळेवर मिळाली नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २००८ मध्ये चित्रांवरून त्यांच्यावर झालेल्या कारवाया रद्द केल्या, तोवर ते देश सोडून गेले होते, आणि २०११ मध्ये लंडनमध्ये वारले. अटकेची धमकी आणि निकाल यांच्यामधला काळच माणसाला मोडतो, हे प्वॉत्स्कमध्ये दिसलं तसं इथेही दिसलेलं आहे. म्हणून तक्रार हातात पडल्यावर ठाण्यातल्या अधिकाऱ्याने पहिल्या दिवशी काय करावं, याला महत्त्व आहे. आधी प्रतिमा पाहावी, ती कशाला उत्तर म्हणून आली ते विचारावं, ती कुठे लावली हा प्रश्न आणि तिच्यात काय आहे हा प्रश्न वेगवेगळे नोंदवावेत, आणि पहिल्या प्रश्नासाठी दुसऱ्याची शिक्षा सुचवू नये.